बैठकीआधी लेसर

तोंड येणं हा आजार आहे असं कुणी धरत नाही. हात मोडला तर माणसं भेटायला येतात, मोसंबी आणतात. तोंड आलं तर उपदेश आणतात. पोट साफ नसेल. उष्णता वाढली असेल. चहा कमी करा. मला गेली कित्येक वर्षं दर महिन्या-दीड महिन्याला तोंड येतं. तेवढ्या काळात मी जाईचा पाला चावला, शेळीचं दूध तोंडात धरून बसलो, हळद-मध लावला, ग्लिसरीन लावलं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या गिळल्या. जिभेच्या कडेला, ओठाच्या आत, गालाच्या आत पांढरट, लाल किनारीचे फोड येतात, आठ-दहा दिवस मुक्काम करतात आणि आपल्या मर्जीनं जातात. जाताना जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. राज्यकारभारातही असंच चालतं, पण तो माझा प्रांत नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे.

या दुखण्याला एक बदनामीही चिकटलेली आहे. आमच्याकडे तोंडात फोड म्हटलं की समोरचा आधी दातांकडे बघतो. गुटख्याचे डाग शोधतो. ते सापडले नाहीत तर त्याला जरा फसवल्यासारखं वाटतं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हे फोड आले ते नेमके माझ्या भाचीचं स्थळ बघायला जायच्या दिवशी. एक जिभेच्या डाव्या कडेला, दोन ओठाच्या आत. मुलाचं घर पुंडलिकनगरात. बहीण, दाजी, मी आणि दाजींचे दोन भाऊबंद असे गेलो. दाजी चिकलठाण्याचे, थोडी शेती उरलेली, बाकीच्या जमिनीवर आता दुसऱ्यांची घरं. मुलाकडचेही मूळचे शेतीवालेच, पण आता हॉलमध्ये फॉल सीलिंग आणि त्याच्या आत जांभळे दिवे. मुलगा बँकेत. साधा दिसला. मान खाली घालून मोबाइलकडे बघत होता, तेही चोरून. त्याच्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती.

जेवण मात्र बेताचं नव्हतं. काळ्या मसाल्याचं वांगं, वर तेलाचा तवंग, मिरचीची भजी, ठेचा, पुऱ्या, बासुंदी. मी बासुंदी प्यायलो आणि दहीभात मागितला. बाकी ताट तसंच राहिलं. बोलणंही जमत नव्हतं, कारण जीभ दाताला लागली की डोळ्यात पाणी यायचं. मी ओठ आवळून बसलो होतो. मुलाचा चुलता कुठल्याशा सोसायटीचा चेअरमन होता, पांढऱ्या कडक कपड्यांतला. तो दोनदा येऊन म्हणाला, "मामा, काय चुकलं का आमचं?" मी हातानं नाही म्हटलं आणि तोंडाकडे बोट दाखवलं. त्यानं मान डोलावली. त्याला काय समजलं हे मला पुढे कळलं.

त्या आठवड्यात भाची कॉलेजात आली. शेंद्र्याच्या एका कंपनीत ती क्वालिटीच्या लॅबमध्ये होती. आलेला माल मापात बसतो की नाही हे बघायचं आणि नसेल तर परत पाठवायचं, असं काम. आमच्या घराण्यात नाही म्हणण्याचा पगार घेणारी ती पहिलीच. कंपनीच्या बसमधून जालना रोडला उतरून तशीच आली होती, ओळखपत्र गळ्यात.

"मामा, मला लग्न करायचं नाही असं नाही," ती म्हणाली. "पोरगा वाईट नाही. पण त्यांना याच सीझनात लग्न पाहिजे, आणि नोकरी सोडायला लावायची. म्हणे आमच्यात सुना कामाला जात नाहीत. मला एक वर्ष पाहिजे. वर्षात मी कायम होते. एकदा कायम झाले की मग सोड म्हणायला त्यांची जीभ रेटणार नाही."

"अण्णांना सांगितलंस?" मी विचारलं. दाजींना ती अण्णा म्हणते.

"सांगितलं. ते म्हणले, मामा काय म्हणतेत ते बैठकीत बघू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बोलाल ना?"

मी बोलेन असं म्हणालो, पण ते इतकं बोबडं निघालं की तिला हसू आलं. "असं बोलणार?"

"बैठक कधी?"

"पुढच्या रविवारी. आमच्याकडंच."

मी दाजींना आधीच गाठायचा प्रयत्न केला. फोन केला. ते म्हणाले, "अहो सर, फोनवर काय सांगता, तुमचं अर्धं कळंना. आन् अशी गोष्ट चार माणसांत बोलायची असते. बैठकीत बोला. तुमचा शब्द मी मोडलाय का कधी?" हे खरं होतं. त्यांनी माझा शब्द कधी मोडला नव्हता, कारण मी कधी दिला नव्हता.

हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही, पण आमच्याकडे एकांतात बोललेलं बोललं असं होत नाही. बैठकीत सतरंजीवर बसून, दोन्ही बाजूंचे पुरुष समोर असताना मामानं जे म्हटलं ते म्हटलं. मुलीनं आईजवळ म्हटलेलं, आईनं बापाजवळ म्हटलेलं सगळं वाऱ्यावर. एकदा सुपारी फुटली की विषय संपतो. म्हणजे सुपारी फुटायच्या आत मला नीट, सलग आणि समजेल असं बोलायचं होतं. आणि तोंडात तर आणखी एक फोड येऊ घातला होता.

बायकोनं मला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. "पाला चावून रविवार गाठणार नाही तुम्ही," ती म्हणाली. "तिथं लेसर मारतात. माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्याला दुसऱ्या दिवशी जेवता आलं."

दवाखान्याच्या दारातच लेसर यंत्राच्या उद्घाटनाचा मोठा फोटो होता. एका फितीला पाच कात्र्या लागल्या होत्या. पाचही मान्यवर कॅमेऱ्याकडे बघत होते, त्यामुळे फीत कुणी कापली हे सांगणं अवघड. यंत्राला हार. पुढे आत ते यंत्र प्रत्यक्ष बघितलं तेव्हा ते टिफिनच्या डब्याएवढं निघालं, बाजूला कुंकवाचं स्वस्तिक अजून होतं. एवढ्याशा डब्याला एवढा हार बसला कसा, याचं मला नवल वाटलं.

बाहेर बाकावर शेजारी एक टोपीवाले आजोबा होते, कवळी बसवायला आलेले.

"तंबाखू?" त्यांनी माझ्या गालाकडे बघून विचारलं.

मी मान हलवली.

"गुटखा?"

"नाही."

"दारू?"

"नाही हो."

"मग कशानं आलं तोंड?"

"वाचून," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी बराच वेळ विचार केला. "मग सोडून द्या की," ते म्हणाले.

डॉक्टर तरुण बाई होती, आणि त्या फोटोच्या मानानं फारच सरळ बोलणारी. तिनं आरसा घालून तोंड बघितलं, हे फोड किती दिवसांनी येतात, किती राहतात, वजन कमी झालं का, असं सगळं विचारलं. एखादा फोड एकाच जागी पंधरा दिवसांच्या वर राहिला तर तसंच बसायचं नाही, लगेच यायचं, असं बजावलं. रक्त तपासायला सांगितलं. बी-ट्वेल्व्ह कमी असेल तर कितीही पाला चावून उपयोग नाही म्हणाली. मग मला काळा गॉगल लावला, स्वतः लावला, तिच्या मदतनीस पोरीनंही लावला. तिघंही एखाद्या प्रचारसभेला निघाल्यासारखे दिसत असू.

"दुखेल का?" मी विचारलं.

"नाही. थोडं कोमट वाटेल. हात वर केला की मी थांबेन."

पेनासारखी एक कांडी तिनं फोडापासून जराशी दूर धरून गोल गोल फिरवली. कांडीच्या टोकाच्या लाल ठिपक्याचं बिंब तेवढं तिच्या गॉगलमध्ये हललेलं मला दिसलं. आवाज आला तो यंत्राच्या बीप-बीपचा. मध्ये थांबून ती म्हणाली, "आता जीभ दाताला लावून बघा." मी लावली. दुखलं, पण जसं दुसऱ्या कुणाचं दुखणं ऐकावं तसं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच माझ्या दुखण्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं झालं, आणि तो हातही नव्हता.

"हे पुन्हा येणारच नाहीत ना?"

"येतील," ती म्हणाली. "लेसरनं हे फोड लवकर भरतील, दुखणं कमी होईल. पुढचे येणार नाहीत असं मी सांगणार नाही. कुणी सांगत असेल तर तिथं जाऊ नका."

"मला रविवारपर्यंत बोलता आलं म्हणजे झालं."

"भाषण आहे का?"

"भाचीची बैठक आहे."

"अच्छा," ती म्हणाली, आणि शुक्रवारी पुन्हा बोलावलं. "तोवर तिखट नको, आणि टूथपेस्ट बदला. फेस न होणारी घ्या."

शनिवारी सकाळी मी आरशासमोर उभं राहून पूर्ण वाक्यं म्हटली. 'मुलीचा नकार नाही. तिला एक वर्ष हवं आहे. ती नोकरी करते आणि ती नोकरी तिला ठेवायची आहे. हे मान्य असेल तर पुढचं बोलू, नसेल तर चहा घेऊन उठू.' र आणि ल दोन्ही स्वच्छ. बायको दारातून म्हणाली, "शेवटचं वाक्य गाळा." मी ते ठेवलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

रविवारी चिकलठाण्याला दाजींच्या अंगणात मांडवाचं कापड लावलं होतं. खाली सतरंज्या, वर लोड. एका बाजूला आमचे, एका बाजूला त्यांचे. मधोमध पाटावर तांदूळ, त्यावर सुपारी, शेजारी पितळी बत्ता. बायका आत. स्वयंपाकघराच्या दारात भाची उभी होती, हिरव्या साडीत. मी तिच्याकडे बघून मान हलवली. तिनं ओठ न उघडता हसून उत्तर दिलं.

पाणी झालं, चहा झाला, कुणाची कोणाशी कुठून सोयरीक लागते ते झालं. दाजी म्हणाले, "आता मामा दोन शब्द बोलतील."

सगळे गप्प झाले. एवढी शांतता मला वाचनालयातही कधी मिळालेली नाही. मी बोललो. ठरवलेलं सगळं, त्याच क्रमानं. जीभ कुठंही अडखळली नाही. शेवटचं वाक्यही म्हटलं.

मग त्या चेअरमन चुलत्यानं दोन्ही हात मांडीवर टेकले आणि म्हणाला, "मामांचं बरोबर हाय."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

"चूक आमची हाय," तो पुढे म्हणाला. "मी घरी तवाच म्हणलो होतो. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. ताटाला शिवले नाहीत. पहिल्यांदा मामा दारात आले आन् आपण साधी टॉवेल-टोपी केली नाही. इज्जतीचा माणूस. ते तोंडानं बोलले नाहीत, पण तोंडाकडं बोट करून दाखवलं त्यांनी, की आता मी बोलत नसतो म्हणून. व्हय का नाय, मामा?"

"अहो, माझं तोंड आलं होतं," मी म्हटलं. "छाले झाले होते. जेवता येत नव्हतं."

"असू द्या, असू द्या. मोठी माणसं असंच झाकून घेतेत."

"मी लेसर करून आलोय!"

यावर जे हसणं उसळलं ते आतल्या बायकांपर्यंत पोचलं. एक म्हातारा मागून म्हणाला, "मामा रुसला नाय तर लग्नाला मजा काय राहिली!"

"मानाचा प्रश्न नाही," मी आवाज चढवला. "मी वर्षाबद्दल बोलतोय. एक वर्ष."

"वर्षाचं काय घेऊन बसला, मामा," चुलता म्हणाला. "वर्षात बारसं करू!"

आता दाजीही हसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. मेव्हणा खरंच आडवा येतो की काय या भीतीनं त्यांचा आठवडा गेला असणार. तो नुसता रुसलाय म्हटल्यावर सगळं ओळखीचं झालं. रुसलेल्या मामाचं काय करायचं हे आमच्याकडे प्रत्येकाला येतं. वर्ष मागणाऱ्या मामाचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

मुलाकडचे तयारी करूनच आले होते. फेटेवाला गाडीत बसून होता. त्याला बोलावलं. मी नको म्हटलं, तर टॉवेलबरोबर शाल आली. पुन्हा नको म्हटलं, तर मुलाचे आजोबा काठी टेकत उठले आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. ऐंशीच्या पुढचा माणूस. मी त्यांना धरून खाली बसवेपर्यंत डोक्यावर फेट्याचे वेढे पडायला लागले होते. जितकं नाही म्हणावं तितका मान वाढत होता. मी गप्प बसलो असतो तर कदाचित एका टोपीवर सुटलो असतो.

"सुपारी मामांच्या हातनं फुटू द्या," चुलता म्हणाला.

"मी फोडणार नाही."

"बघा, अजून राग गेला नाय!" आणि त्यानं माझा हात बत्त्यावर ठेवला. "नुसता हात लावा, मामा." त्याचा हात माझ्या हातावर, दाजींचा त्याच्या हातावर, आणखी कुणाकुणाचे वर. मी हात ओढला, पण इतक्या हातांखालचा हात आपला राहत नाही. बत्ता खाली आला. सुपारी फुटली. फोटोवाल्यानं, "एकदा वर बघा, मामा," म्हटलं.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

पंगत बसली तेव्हा मला मधोमध बसवलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, वांगं. सगळ्यांचं लक्ष माझ्या ताटाकडे. उठून जावं असं मनात आलं. उठलो असतो तर आणखी कुणा आजोबांना उभं केलं असतं.

"नवरीच्या हातनं वाढा मामांना!" चुलता ओरडला.

भाची आमटीचं भांडं घेऊन आली. माझ्यापुढे वाकली. डोळे कोरडे होते. मागे बहीण पदराला हात पुसत उभी.

"बोललो मी," मी हळूच म्हटलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "एकदम स्पष्ट होतं." मग पळी भरून वाटीत ओतली. "घ्या, मामा. आता तोंड बरंय ना तुमचं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण आजाऱ्याची करावी तशी तिनं नुसती चौकशी केली होती. मी वाटी तोंडाला लावली. आमटी चांगली तिखट होती, कढत होती, आणि कुठंही काही झोंबलं नाही. "मामा जेवले, मामा जेवले," असं पंगतीतून आत सांगितलं गेलं, आणि बहिणीचा आवाज आला, "देव पावला."

लग्न त्याच सीझनात झालं. त्याच्या आधी तिनं कंपनीत राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी लॅबमधल्या पोरींनी केक कापला, त्याचा फोटो तिनं मला पाठवला. मी त्यावर काय लिहावं हे न सुचून अंगठा पाठवला.

पुंडलिकनगरच्या त्या हॉलमध्ये आता सुपारीचा फोटो लावलेला आहे, जांभळ्या दिव्यांच्या खाली. मी फेट्यात, हात बत्त्यावर, नजर वर. लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर तिनं पुन्हा नोकरीचं काढलं. जुन्या साहेबांनी तोंडी होकार दिला होता. तेव्हा काय झालं ते तिनं मला फोनवर सांगितलं. कुणी रागावलं नाही. सासऱ्यांनी फक्त त्या फोटोकडे बोट केलं आणि म्हणाले, "तुझ्या मामाच्या हातनं फुटलीय सुपारी. सगळं ठरवूनच फुटलीय ना?"

"तू सांगितलं नाहीस, मी काय बोललो होतो ते?"

"सांगितलं. ते म्हणले, बोलले असतील, पण मग जेवले ना पोटभर."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या त्याप्रमाणे फोड आले-गेले, आणि त्या दिवशीही ओठाच्या आत एक होताच.

"मी येतो तिथं," मी म्हटलं. "सासऱ्यांशी बसून बोलतो."

"परत तोंड आलंय का? जड येतोय आवाज."

"थोडं. पण येतो."

"नका येऊ, मामा," ती म्हणाली. "आलात तर परत फेटा बांधतील. आणि या वेळी मामींनासुद्धा साडी नेसवतील."

ती हसली. खरंच हसली, मोठ्यानं, लॅबमधल्या पोरींबरोबर हसत असेल तशी. मलाही हसू आलं, ओठ ताणला गेला आणि आतला फोड उलला. रक्ताची चव जिभेवर आली. तिकडून तिला कुणीतरी हाक मारली, आणि तिनं "आले," म्हणून फोन ठेवला.